नानकटाईची आच

लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात एक वाक्य छत्रीसारखं जवळ ठेवावं लागतं. "मी तुम्हाला सांगितलं होतं." मशीन पुन्हा बंद पडून गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की आम्ही ही छत्री उघडतो. माझंही आयुष्य या छत्रीखाली बरंच कोरडं गेलं. वसईत होळीच्या बाजाराजवळ माझं दुकान आहे. एक टेबल, एक भिंग, गरम हवा सोडणारं एक मशीन आणि मागच्या फळीवर कोणी न्यायला न आलेले लॅपटॉप. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा म्हणून सांगितलं. गमतीदार आहेत, पण ते लिहायला बसलो की मधेच जोसफिनबाई येतात, म्हणून मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहितो.

आधी धंद्याबद्दल थोडं.

लॅपटॉपचा पडदा काळा पडला की लोकांना वाटतं सगळं गेलं. तसं नसतं. आपलं लिखाण, फोटो, हिशेब एका डिस्कवर असतात आणि ती बहुतेक वेळा शाबूत असते. पडद्यावर काय दिसावं हे ठरवणारी चिप वेगळी, तिला आपण ग्राफिक्स कार्ड म्हणतो. मोठ्या कॉम्प्युटरमध्ये ते काढून दुसरं बसवता येतं. लॅपटॉपमध्ये ती चिप मुख्य बोर्डावरच कथलाच्या बारीक मण्यांनी चिकटवलेली असते. वापरताना तापायचं, बंद केल्यावर निवायचं, असं वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस कुठेतरी केसाएवढी चीर जाते. मग पडद्यावर आधी उभ्या रेषा येतात, मग रंग फाटतात, मग अंधार. आतला पंखा मात्र फिरत असतो, म्हणून माणसाला वाटतं, जिवंत आहे, फक्त बोलत नाही.

विरारच्या एका टॉवरमधले गृहस्थ असाच लॅपटॉप घेऊन आले होते. नोकरी मुंबईला, बोलणं तोलून मापून. त्यांनी त्याआधी दोन ठिकाणी पडदा बदलून घेतला होता.

"पडदाच खराब निघतोय दर वेळी," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, टीव्हीवर बातमी वाईट आली म्हणून आपण टीव्ही दोनदा बदललात."

ते हसले नाहीत. पण पुढे सगळ्या मजल्यांवरची मशिनं त्यांनीच माझ्याकडे पाठवली.

अर्नाळ्याचे एक बोटवाले यायचे. त्यांच्या लॅपटॉपचं झाकण उघडलं की दुकानभर सुक्या बोंबलाचा वास. बोर्डावर मिठाची पांढरी बुरशी चढलेली. मी विचारलं, "पाणी गेलं होतं का आत?"

"पानी नाय गेला," ते ठामपणे म्हणाले. "पानी गेला असता तर मना कळला नसता? माजा धंदाच पान्याचा."

खारी हवाच आत जाऊन बसली होती. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तर, अशा मेलेल्या चिपवर आमच्याकडे एक उपाय असतो. बोर्ड बाहेर काढायचा, चिपवर ठरावीक वेळ गरम हवा सोडायची आणि सावकाश निवू द्यायचं. आम्ही त्याला हीट मारणं म्हणतो. बऱ्याचदा चमत्कार व्हावा तसा पडदा उजळतो. पण हा इलाज नव्हे. दिव्यातलं तेल संपत आलं की वात पुढे सारतो, तसं आहे ते. ज्योत मोठी होते, तेल वाढत नाही. काही आठवडे, नशीब चांगलं असेल तर काही महिने. हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं आणि आम्ही ते गिऱ्हाईकाला सांगतोही. फक्त केव्हा सांगतो, ते महत्त्वाचं. पडदा नुकताच उजळलेला असतो, माणूस आपल्या मुलाचा फोटो पुन्हा दिसल्याने खूश असतो, आम्ही चार्जरची वायर गुंडाळत असतो आणि मान खाली घालून म्हणतो, "गॅरंटी नाही हं याची. चालू आहे तोवर काम उरकून घ्या." त्या क्षणी ते कोणाला ऐकू जात नाही. ऐकू जात नाही हे आम्हाला ठाऊक असतं. पण वाक्य बोलून झालेलं असतं. छत्री तयार.

जोसफिनबाईंना मी असंच सांगितलं होतं.

माझ्या दुकानापासून चार पावलांवर मनवेलभाऊंची बेकरी आहे. लाकडावर पेटणारी जुनी भट्टी. जोसफिनबाई त्यांच्या पत्नी. बेकरीच्या मागच्या खोलीत बसून त्या लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, निधनानंतरच्या प्रार्थनेची पत्रकं जुळवून द्यायच्या आणि छापखान्यात पाठवायच्या. आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव होतं, कारण त्या नुसतं टाइप करत नसत. कोणत्या मावशीचं नाव आधी घातलं तर कोणते काका जेवायला येणार नाहीत, हे त्यांना तोंडपाठ असे. फाटकावर एक लहान पाटी होती, "पत्रिका जुळवून मिळतील". हिंदू घरंही त्यांच्याकडे येत. गणपतीच्या चित्राखाली काय मजकूर असतो, हे मला त्यांनी शिकवलं.

त्यांचा लॅपटॉप जुना होता आणि तो बदलणं शक्य नव्हतं. त्यात मराठी टाइप करायचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. ते बनवणारी छोटी कंपनी केव्हाच बंद झाली होती आणि ते सॉफ्टवेअर त्या एकाच बोर्डावर चालेल असं कुलूप घातलेलं. दुसऱ्या मशीनवर त्यांची फाइल उघडली की 'आमची ज्येष्ठ कन्या'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसे. मी त्यांना समजावलं होतं, की या सॉफ्टवेअरने या बोर्डाशी लग्न लावलंय.

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्यात सोडचिठ्ठी नसते."

म्हणजे तो बोर्ड गेला की त्यांचं काम गेलं. साठीला आलेल्या बाईने नवीन सॉफ्टवेअर घेऊन, बोटांची सवय मोडून, सगळे नमुने परत जुळवायचे, हे त्या करणार नव्हत्या. तसं त्यांनी बोलून दाखवलं होतं.

पावसाळ्याच्या अखेरीस त्या लॅपटॉपवर पहिल्यांदा रेषा आल्या, मग अंधार. मी हीट मारली. पडदा उजळला. बाईंनी क्रूसाची खूण केली आणि ताज्या पावाची एक लादी माझ्या टेबलावर ठेवली. मी वायर गुंडाळत ते वाक्य म्हटलं. त्या तेव्हा पडद्यावर आपल्या पत्रिका एकेक करून उघडून बघत होत्या.

पुढे नाताळ झाला. नाताळ संपला की इकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नांची घाई असते, कारण पुढे उपवासाचा काळ सुरू झाला की ईस्टरपर्यंत लग्नं लागत नाहीत. सगळी लग्नं त्या थोड्या आठवड्यांत कोंबलेली. जोसफिनबाईंनी दर वर्षीपेक्षा जास्त कामं घेतली होती. मशीन नुकतंच दुरुस्त झालेलं म्हटल्यावर का घेऊ नयेत?

जानेवारीतल्या एका सकाळी मनवेलभाऊ स्वतः लॅपटॉप घेऊन आले. अंगावर मैद्याने माखलेला बनियन, बगलेत लॅपटॉप.

"गेला," एवढंच म्हणाले.

मागून बाई आल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळा मजकूर छापखान्यात जायला हवा होता. घरोघरच्या माणसांनी वाचून, नावं सुधारून पास केलेल्या पत्रिका त्यात अडकल्या होत्या. रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर पत्रिका वाटायला सुरुवात व्हायची होती.

मी बोर्ड बाहेर काढला. आणि लाईट गेली. बाजारातला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. केव्हा येईल ते कोणाला माहीत नव्हतं. इन्व्हर्टरवर दिवा आणि पंखा चालतो, एखादा लॅपटॉपही चालतो, पण गरम हवेचं मशीन त्यावर चालत नाही. मी नालासोपाऱ्यातल्या माझ्या एका धंदेबंधूला फोन केला. तो म्हणाला, "बोर्ड टाकून जा, पुढच्या आठवड्यात बघतो."

"भट्टीत घालूया?" मनवेलभाऊ म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मोबाइलवर बघितलंय मी. कुठला तरी गोरा माणूस ओव्हनमध्ये घालतो. चालू होतो."

जोसफिनबाई त्यांच्या घरच्या बोलीत नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या. ती बोली मला अर्धीमुर्धीच कळते. पण 'शहाणा' हा शब्द कळला.

खरं सांगायचं तर तो प्रकार मलाही माहीत होता. परदेशातले हौशी लोक करतात, आणि त्यांना मी नेहमी हसत आलो होतो. बोर्डावर प्लॅस्टिकचे भाग असतात, ते वितळतात. धूर होतो. पण दुसरा मार्ग समोर नव्हता, आणि बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की 'नाही' म्हणायचं तर का नाही तेही सांगावं लागलं असतं. त्यासाठी मग पावसाळ्यातलं सगळं सांगावं लागलं असतं. मी बोर्डावरची लहान बॅटरी काढली, चिपपुरती जागा उघडी ठेवून बाकी सगळं अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलं आणि त्यांच्यामागे बेकरीत गेलो.

दुपारच्या पावाची खेप नुकतीच निघाली होती. ओट्यावर लाद्या वाफाळत होत्या. मनवेलभाऊंनी भट्टीच्या तोंडाशी हात धरला, मग चिमूटभर मैदा आत फेकला. तो लगेच काळा पडला.

"थांबा. ही पावाची आच आहे. जळून जाईल."

आम्ही थांबलो. त्यांनी विस्तव मागे सारला, तोंड उघडं ठेवलं, मधेमधे मैदा फेकत राहिले. मी घड्याळाकडे बघत होतो. ते भट्टीकडे बघत होते.

"दिवाळीला तुमची हिंदू माणसं डबे भरून नानकटाई घेऊन येतात भाजायला," ते म्हणाले. "नाताळात आमची माणसं केक घेऊन येतात. पण कॉम्प्युटर भाजायला आलेले तुम्ही पहिले."

"कोणाला सांगू नका," मी म्हटलं.

"सांगणार तर. पाटी लावणार आहे."

मैदा आता पडल्यावर काही वेळ पांढराच राहून मग तांबूस होऊ लागला. "ही नानकटाईची आच," ते म्हणाले. मी बोर्ड पत्र्यावर ठेवला, त्यांनी लांब दांड्याच्या लाकडी फळीने तो आत सरकवला. इतकी वर्षं धंदा केलेला माणूस मी, पावाच्या भट्टीसमोर एका बोर्डावर डोळे लावून उभा होतो. कथील पाघळायला ती आच पुरेशी होती की नव्हती, मला आजही माहीत नाही. थोडा उग्र वास आला, तेव्हा मी काढायला सांगितलं. मग आम्ही तो मैद्याच्या पोत्याशेजारी निवत ठेवला आणि बाईंनी चहा केला.

चहा पिताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हा चालू झाला, तर त्या पुन्हा पडद्याकडे बघतील आणि मी पुन्हा वायर गुंडाळेन.

म्हणून मी आधीच बोललो. बोर्ड अजून जोडलाही नव्हता.

"जोसफिनबाई, कप खाली ठेवा. चालू झाला तरी हा टिकणार नाही. दोन-तीन आठवडे धरा. जेवढ्या पत्रिका आहेत तेवढ्या पूर्ण करून द्या. जुने नमुने सगळे कागदावर काढून ठेवा. नवीन काम घेऊ नका. अजिबात घेऊ नका."

त्यांनी कप खाली ठेवला.

"गेल्या वेळी असं नव्हतं सांगितलंत."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. छत्री आपोआपच उघडली.

"सांगितलं होतं त्यांनी," मनवेलभाऊ म्हणाले. "मी होतो ना तिथे. तुझं लक्ष नव्हतं."

"ऐकू जाईल असं सांगायला काय झालं होतं?" बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. कप उचलून आत गेल्या.

गुन्हा म्हणावा असं मी काही केलं नव्हतं, कायद्याने तर नाहीच. पण ते वाक्य मी हळू बोललो होतो ते चुकून नव्हे.

दुकानात येऊन बोर्ड बसवला, इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावला. पडदा उजळला. एकही रेष नाही. मनवेलभाऊंनी माझ्या गरम हवेच्या मशीनकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे विकून टाका." बाई हसल्या नाहीत. त्या तिथेच स्टुलावर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्रिका छापखान्याला पाठवून मोकळ्या झाल्या.

आणि या वेळी त्यांनी माझं ऐकलं. अक्षर न् अक्षर ऐकलं. हातातली कामं संपवली. नवीन आलेल्यांना परत पाठवलं. ज्यांच्या आईच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनीच जुळवली होती, अशा घरांनासुद्धा. स्टेशनजवळ एका तरुणाचं नवीन दुकान होतं, त्याच्याकडे पाठवू लागल्या. फाटकावरची पाटी काढली. खिळ्याची दोन भोकं राहिली, ती मला रोज येता-जाता दिसत.

मी वाट बघत होतो लॅपटॉप बंद पडण्याची. हे लिहायला चांगलं वाटत नाही, पण तसंच होतं. तो बंद पडला असता तर माझा शब्द खरा ठरला असता, आणि त्यांनी काम सोडलं ते योग्य वेळी सोडलं असं झालं असतं.

तो बंद पडला नाही. उपवासाचा काळ गेला, ईस्टर झाला, पावसाळा आला. मी पाव आणायला गेलो की बाई गल्ल्यावर असत. लादी कागदात बांधता बांधता म्हणत, "अजून चालू आहे." बेकरीच्या पुड्यांवर लावायच्या चिठ्ठ्या तेवढ्या त्या लॅपटॉपवर करत. हा टोमणा होता की नुसती खबर, मला कधी ठरवता आलं नाही. मी "बरं झालं" म्हणायचो आणि बाहेर पडायचो. पुढे पुढे मी माणिकपूरकडून पाव आणायला लागलो. तिकडचा पाव चांगला नाही.

याची मला सवय नव्हती. हळू बोलल्याची टोचणी मी समजू शकत होतो. पण स्पष्ट बोलूनही तीच टोचणी राहते, हे नवीन होतं. ज्या बाईला नाव कुठे घालायचं हे कळत होतं, ती आता सुटे पैसे देत बसली होती. कारण मी तिला ऐकू जाईल असं सांगितलं होतं. एकदा धीर करून म्हटलं, "घ्या ना परत कामं. आता बरेच दिवस झाले."

"उद्या बंद पडला तर?"

उद्या पडू शकत होता. आजही पडू शकतो.

"मग?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना."

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. ती म्हणाली पत्रिका मोबाइलवर पाठवू, आजकाल तसंच करतात. मी म्हटलं, नातेवाइकांना द्यायला थोड्या तरी छापू. स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, नमुने पाहिले, परत आलो. दोन दिवस तसेच घालवले. मग बेकरीत गेलो. मनवेलभाऊ भट्टीशी होते. मला बघून ओरडले, "आज काय भाजायचंय, शेट?"

मी बाईंना म्हटलं, "मुलीची पत्रिका करायची आहे. तुमच्याकडूनच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या मागच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी लॅपटॉप उघडला. पडदा उजळला, स्वच्छ. मी सवयीने कडेला रेष दिसते का ते बघत होतो.

"भाऊ, तिकडे नाही. इकडे बघा," त्या म्हणाल्या.

मी बघितलं.

"ही मशीन मधेच बंद पडू शकते. पडली तर पत्रिका अर्धी राहील, आणि मला परत जुळवता येणार नाही. तुम्हाला धावपळ करून दुसरीकडे जावं लागेल. हे कळून तुम्ही काम देताय. ऐकलंत?"

"ऐकलं."

"मोठ्याने सांगितलं ना मी?"

"हो."

"मग झालं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दाराशी चर्चगल्लीतला पेद्रू उभा होता मघाशी, पाहिलात? त्याच्या भावाचं लग्न आहे जानेवारीत. त्यालाही सकाळी असंच सांगितलं. तो म्हणाला, चालेल."

मला सांगायचं होतं की मी त्या दिवशी दोन गोष्टी एकत्र केल्या होत्या. मशीन टिकणार नाही, हे मला माहीत होतं म्हणून सांगितलं. काम घेऊ नका, हे सांगणारा मी कोण होतो? पण हे सुचेपर्यंत त्यांनी चष्मा लावला होता आणि जुनी एक पत्रिका समोर उघडून त्यातली नावं पुसायला सुरुवात केली होती. बाहेरून भाजक्या मैद्याचा वास येत होता.

"मुलीचं नाव सांगा," त्या म्हणाल्या. "आणि आत्यांची नावं वयाप्रमाणे सांगा. मागच्या खेपेला तुमच्या भावाच्या मुलीच्या पत्रिकेत धाकटीचं आधी घालायला लावलं होतंत तुम्ही. थोरली अजून बोलते मला."